पेंडीची बुरशी आणि तळ्यातील रोहू : माझा अनुभव

गेल्या भाद्रपदात माझ्या शेततळ्यातील रोहूच्या अंगावर लाल चट्टे उठले. चुना टाकूनही नव्या माशांवर तेच चट्टे दिसत राहिले. पाणी तपासले, ते ठीक होते. अखेर मेलेला मासा चिरला, तेव्हा एरवी गडद तांबूस असणारे यकृत फिकट पिवळट दिसले आणि माझा संशय खाद्यावर गेला.

ओलसर भिंतीला टेकलेल्या पोत्यातील शेंगदाणा पेंडीचे ढेकूळ फोडताच हिरवट भुकटी उडाली आणि कुबट वास आला. प्रयोगशाळेत दिलेल्या नमुन्यात अफ्लाटॉक्सिन निघाले. अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस या बुरशीचे हे विष यकृताला इजा करतेच, शिवाय जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी आणि प्रतिपिंडे यांची ताकदही घटवते, हे रोहूवरील प्रयोगांतून दिसले आहे. त्यामुळे पाण्यात नेहमीच असणारे एरोमोनाससारखे जिवाणूही अशा माशाला भारी पडतात, आणि आपण मात्र वरवरच्या जखमेवर इलाज करत बसतो.

पेंड उकळून वापरण्याचा सल्ला मला मिळाला होता. परंतु हे विष साध्या उकळण्याने नष्ट होत नाही, म्हणून सगळी पोती खोल खड्ड्यात पुरली. आता पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर ठेवतो आणि पावसाळ्यात पंधरा दिवसांपुरतेच खाद्य आणतो. खाद्य बदलल्यावर सुमारे तीन आठवड्यांनी नवे चट्टे उठणे थांबले. अशक्त झालेले काही मासे मात्र वाचले नाहीत.