फरीदसाहेबांच्या मिरजेत जवारी शिकताना

मिरजेत तंतुवाद्यांच्या कामाला लागणाऱ्याच्या कानावर फरीदसाहेबांचे नाव लवकरच पडते. एकोणिसाव्या शतकात, शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार समाजातील या कारागिराने तंतुवाद्ये घडवायला घेतली आणि गावाची ओळखच बदलली; त्या वळणाचे मला आजही नवल वाटते. या कामाची ओढ सार्थकी लावायची असेल, तर आधी तंबोऱ्याची जवारी काढायला, म्हणजे घोडीचा माथा घासून तारेचा नाद लांब आणि खुला करायला शिकावे, कारण धातू घासणाऱ्या हाताचा संयम जितका इथे लागतो तितका भोपळा निवडताना किंवा तबली (भोपळ्यावरचे लाकडी झाकण) बसवतानाही लागत नाही, असे माझे मत आहे.

घोडीचा, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या आधाराचा, माथा बारीक कानशीने, हलक्या हाताने आणि किंचित उतरता घासावा. दोन-चार हात फिरवले की तार चढवून, स्वरात लावून ऐकावी. ती माथ्याला अलगद स्पर्श करत नाद लांबवू लागली की तिथेच थांबावे, कारण जास्त घासले गेलेले भरून येत नाही. मग तारेखाली सुती दोरा घालून तो केसभर मागेपुढे सरकवावा आणि स्वर पूर्ण खुलेल ती जागा शोधावी. खर्जाची, म्हणजे सर्वांत खालच्या स्वराची, तार जाड असल्याने तिचा दोरा स्वतंत्रपणे, सर्वांत शेवटी लावावा.