राजहंसांची जोडी घेताना या चुका टाळा

विकणारा म्हणाला, "मोठा तो नर, लहान ती मादी." त्या शब्दावर मी दोन पांढरे राजहंस घरी आणले. विणीच्या दिवसांत त्यांतली लहान महिनाभर घरट्यावरून हलली नाही, पण पिल्लू एकही निघालं नाही. पुढच्या वेळी घरट्यात एकाच सकाळी दोन ताजी अंडी दिसली, तेव्हा उलगडा झाला. मादी साधारण दिवसाआड एकच अंडं देते. म्हणजे माझ्याकडे दोन्ही माद्याच होत्या.

आकारावर विसंबणं ही सगळ्यात मोठी चूक. नर थोडा थोराड, जाड मानेचा असतो हे खरं, पण तुलना एकाच जातीच्या, एकाच वयाच्या पक्ष्यांतच चालते. चोचीवर गाठ असलेल्या चिनी जातीत नराची गाठ मोठी असते, तीही वय वाढल्यावर नीट कळते. बदकांच्या नराला शेपटीवर वळलेलं पीस येतं, ते इथे शोधत बसू नका. राजहंसाच्या नराला ते येतच नाही. रंगावरून ओळख पटते ती पिल्ग्रिमसारख्या मोजक्या जातींत, जिथे नर पांढरा आणि मादी राखाडी असते. आपल्या अंगणातल्या पांढऱ्या राजहंसांना ते लागू नाही.

आवाज मात्र ऐका. दोघांना थोडं लांब करा, म्हणजे ते एकमेकांना हाका मारू लागतात. नराची हाक उंच, चिरकी. मादीची खालच्या पट्टीतली, घोगरी. इथेही बदकाचा अनुभव आड येतो, कारण बदकांत मोठ्याने ओरडते ती मादी. दुसरी खूण कुत्रं आल्यावर दिसते. नर मान जमिनीलगत लांबवून फुत्कारत पुढे सरकतो, मादी बहुधा मान ताठ करून मागे थांबते. एका दिवसात ठरवू नका, आठवडाभर बघा.

पाण्यात एक दुसऱ्यावर चढला म्हणजे नर सापडला, असंही नाही. माद्याही माद्यांवर चढतात. सतत सोबत फिरणं हाही पुरावा नाही. दोन नरही पक्की जोडी करतात.

खात्री हवी असेल तर शेपटीखालचं द्वार उघडून तपासतात: नराचं पिळदार लिंग बाहेर येतं, मादीत ते नसतं. पण हे जाणत्या हाताकडून शिकल्याशिवाय करू नका, पिल्लांना तर मुळीच नको. चुकीच्या दाबाने इजा होते. पीस किंवा रक्त देऊन डीएनए तपासणी करून घेणं त्यापेक्षा सुरक्षित.

आता स्वभाव. विणीच्या काळात नर अंगावर धावला की लोक त्याला "माजला" म्हणून काठी उगारतात, आणि मला याचं फार वाईट वाटतं. मादी २८ ते ३१ दिवस अंडी उबवते. त्या काळात पहारा देणं हेच त्याचं काम. घरट्याला लांबून वळसा घाला. तो आलाच तर पाठ फिरवून पळू नका, हात पसरून उभे राहा आणि हळूहळू मागे सरका.

एकटा राजहंस पाळू नका. जोडीदार हरवला तर तो दिवसेंदिवस हाका मारत फिरतो. नवा सोबती आणलात तर थेट कळपात सोडू नका. काही दिवस जाळीपलीकडे ठेवा. दोघं मान लांबवून एकत्र कलकलाट करू लागले, की जाळी काढा.