शेअर्ड होस्टिंगवर व्हिडिओ अडकत होता, तो असा सुटला

शिकवणीचे व्हिडिओ साइटवर टाकायचे होते. आधी सर्व्हरवरच एफएफएमपेग (व्हिडिओचं रूपांतर करणारा प्रोग्राम) चालवायला गेले, पण प्रोसेस दरवेळी मध्येच बंद पडायची आणि मागे अर्धवट फाइल उरायची. शेअर्ड खात्यावर, म्हणजे एकच सर्व्हर अनेक जण वापरतात तिथे, सीपीयू आणि मेमरी मोजूनमापूनच मिळते. तिथे रूपांतराचा खटाटोप करूच नये, असं माझं ठाम मत आहे. मग लॅपटॉपवर एच.२६४ व्हिडिओ आणि एएसी ऑडिओ अशी एमपी४ करून चढवली.

तरी प्ले दाबलं की चक्र फिरतच राहायचं. फाइलची अनुक्रमणिका, म्हणजे ‘मूव्ह’ हा भाग, एफएफएमपेग एरवी सगळ्यात शेवटी लिहितो, त्यामुळे तो मिळेपर्यंत ब्राउझर थांबून राहतो. एफएफएमपेगच्या ‘मूव्हफ्लॅग्ज’ या पर्यायाला ‘फास्टस्टार्ट’ दिलं की तो पुढे येतो. सोबत ‘कॉपी’ दिल्यामुळे पुन्हा एन्कोड करावं लागलं नाही, काही सेकंदांत काम झालं.

व्हिडिओ लगेच सुरू झाला, पण पुढे सरकवता येईना. ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये २०६ (फाइलचा मागितलेला तुकडा) या उत्तराऐवजी २०० (अख्खी फाइल) दिसत होतं. माझी पीएचपी स्क्रिप्ट रेंजची, म्हणजे ठरावीक तुकड्याची, मागणी न बघता अख्खी फाइल पाठवत होती. स्क्रिप्ट काढून थेट फाइलचाच पत्ता दिला. आता विद्यार्थ्यांना हवं ते उदाहरण पुन्हा पुन्हा मागे नेऊन बघता येतं.