पणजोबांची लग्नं नक्की किती? शोधायचं कसं
आधी पणजोबांच्या सगळ्या मुलांच्या जन्मतारखा ओळीने लिहून काढा, मधेच सहा-सात वर्षांची गॅप दिसली किंवा आईचं नाव बदललं की समजायचं इथे काहीतरी आहे. त्या गॅपमधे पहिल्या बायकोची मृत्यूनोंद शोधा, आणि घटस्फोटाची पण, ती बघायची लोक विसरतातच. लग्नाच्या नोंदीत 'विधुर', 'विधवा' असं काही लिहिलंय का बघा, अन् विधवेचं आडनाव बऱ्याचदा आधीच्या नवऱ्याचं असतं हां, माहेरचं नाही, मी त्यापायी महिनाभर भलत्याच घराण्यामागे फिरलो. अमेरिकेची १९१० ची जनगणना हाताशी असेल तर मजाच, तिथे एम१ म्हणजे पहिलं लग्न, एम२ म्हणजे दुसरं किंवा पुढचं. पण एकाच नावाची दोन माणसं निघतात, वय, धंदा, साक्षीदार जुळल्याशिवाय काही जोडू नका.