आवाज ओळखू येतो तो कशामुळे? स्वतःचा आवाज तपासायची रीत

निवेदनाला उभे राहणारे बरेच जण आधी आवाज जाड करू बघतात. तसं करू नका, घसा बसतो. आवाजाची ओळख पट्टीपेक्षा पोतात जास्त असते. पुरुषाचा बोलण्याचा मूळ स्वर साधारण १०० ते १३० हर्ट्झचा. साध्या टेलिफोन लाईनीवरून ३०० च्या खालचं फारसं जातच नाही, तरी 'हॅलो' म्हणताच माणूस कळतो. घसा, तोंड आणि नाकाच्या पोकळीत घडलेले वरचे स्वर तेवढे पोचतात, आणि ही पोकळी ज्याची त्याची वेगळी.

शेजारी यंत्रमाग असेल तर तो बंद असतानाच रेकॉर्डिंग करा. गोंगाटात माणूस नकळत मोठ्यानं आणि वरच्या पट्टीत बोलतो. खोली घुमत असेल तर समोर आणि पाठीमागे एकेक सोलापुरी चादर टांगा. मोबाईल तोंडापासून वीतभर लांब, जरा बाजूला धरा. अगदी समोर धरला की 'प', 'फ', 'भ'ची हवा माईकवर आदळते. दोन मिनिटं वाचा, दोन मिनिटं घरच्यासारखं बोला. ऐकताना आवाज परका, बारीक वाटेल. एरवी हाडांतून कानाला मिळणारा खर्ज त्यात नसतो, एवढंच. लोकांना तुम्ही असेच ऐकू येता.

आता नाक चिमटीत धरून 'काका, पपई' म्हणा. आवाज बदलला तर हवा नाकातून गळतेय. 'मामा, नाना' म्हणताना मात्र तो बदललाच पाहिजे. बदलला नाही तर नाक चोंदलंय.

मग एका श्वासात 'स्स्स' आणि दुसऱ्या श्वासात, गळा थरथरवत, 'ज'चा ('जहाज'मधल्या, इंग्रजी z सारख्या) लांब घोष धरा. दोन्ही जवळपास सारखा वेळ टिकतात. 'स्स्स' दीडपट टिकला तर स्वरतंतू नीट मिटत नसावेत. तीन आठवडे आवाज बसलेलाच राहिला तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. तोवर कुजबुजू नका, त्यानंही घशाला आराम मिळत नाही.

पट्टी सापडायला सोपी: कुणाला होकार देताना तोंड मिटून जो 'हं' निघतो, तीच तुमची.

राहिला हेल. इथे सोलापुरात घराघरात तेलुगू, कन्नड आणि मराठी शेजारी नांदतात. 'होय की' मधला तो लांबणारा 'की' घासून काढू नका. शब्द स्पष्ट हवेत, वाक्याच्या शेवटी श्वास संपून अक्षरं गिळली जात नाहीत ना, एवढं बघा. गिळली जात असतील तर वाक्य तोडा, श्वास घ्या, पुन्हा वाचा.