पहिलं वर्ष वाचण्यात जातं

डेव्हलपर म्हणून कामाला लागले तेव्हा माझी समजूत अशी होती की दिवसभर कोड लिहायचा आणि तो चालला की काम संपलं. कॉलेजात तसंच होतं. असाइनमेंट कोऱ्या फाइलपासून सुरू व्हायची आणि मार्क मिळाले की ती फाइल पुन्हा कुणी उघडायचं नाही. कामावर जो प्रोजेक्ट हाती आला त्यात लाखाच्या वर ओळी होत्या, त्या लिहिणारे बरेचसे लोक सोडून गेलेले होते, आणि त्यातली एकही ओळ माझी नव्हती. पहिल्या तीन आठवड्यांत मी सगळ्या मिळून चाळीसेक ओळी लिहिल्या असतील. बाकी वेळ वाचण्यात गेला. आपल्याला हे जमत नाहीये, असं रोज वाटायचं. खरं तर माझं काही चुकत नव्हतं. हे कामच तसं आहे, आणि नव्याने येणाऱ्याला ते कुणी आधी सांगत नाही.

वाचणं म्हणजे काय, हे मला एका बगने शिकवलं. तो जरा सविस्तर सांगते.

टिकेट, म्हणजे तक्रारीची नोंद, दोन ओळींचं होतं: काही ग्राहकांच्या प्रोफाइलवर जन्मतारीख एक दिवस आधीची दिसते. मी पेज उघडलं, तारीख टाकली, सेव्ह केलं, रिफ्रेश केलं. बरोबर. दुसरी तारीख टाकली, तीही बरोबर. लीप वर्षातली २९ फेब्रुवारी टाकून पाहिली, तीही ठीक. 'माझ्याकडे नीट चालतंय' असं टिकेटवर लिहिलं आणि पुढच्या कामाला लागले. दुपारी आमची टीम लीड माझ्या टेबलापाशी आली. ती चिडली नव्हती. तिने एवढंच विचारलं, "तुझ्या मशीनचा टाइमझोन कुठला आणि त्या ग्राहकांचा कुठला?"

मला प्रश्नच कळला नाही. जन्मतारखेला टाइमझोन कशाला लागतो?

लागत नाही, आणि गोम नेमकी तिथेच होती. सर्व्हरकडून तारीख '१९९०-०३-१५' अशी साध्या मजकुरासारखी यायची आणि ब्राउझरमधला आमचा जावास्क्रिप्ट कोड तिचं डेट ऑब्जेक्ट, म्हणजे वेळेसकट तारीख ठेवणारा साचा, बनवायचा. जावास्क्रिप्टचा नियम असा की नुसती तारीख दिली, वेळ दिली नाही, तर ती यूटीसीमधली, म्हणजे जगभराच्या प्रमाण वेळेतली, मध्यरात्र धरायची. दाखवताना मात्र तीच वेळ बघणाऱ्याच्या टाइमझोनमध्ये बदलून दाखवायची. जो माणूस यूटीसीच्या पाच तास मागे आहे त्याच्या घड्याळात तेव्हा आदल्या दिवशीचे संध्याकाळचे सात वाजलेले असतात. त्याला १४ मार्च दिसते. माझं मशीन यूटीसीच्या पुढे होतं, म्हणून माझ्याकडे तारीख कायम बरोबर यायची. तारखेसोबत वेळही दिली आणि टाइमझोन सांगितला नाही, तर तीच भाषा ती स्थानिक वेळ मानते. दोन नियम, एकाच फंक्शनमध्ये. कोड कितीही वेळा चालवून बघितला असता तरी माझ्या मशीनवर हे दिसलं नसतं. डॉक्युमेंटेशनचं ते पान वाचल्यावर पाच मिनिटांत उलगडलं.

मी मशीनचा टाइमझोन बदलला, पेज पुन्हा उघडलं, आणि तारीख एक दिवस मागे गेलेली डोळ्यांनी पाहिली. तो क्षण अजून आठवतो. बग समोर आणता आला की निम्मं काम झालं. म्हणून 'माझ्याकडे चालतंय' हे वाक्य टिकेटवर लिहू नका. त्याऐवजी लिहा, 'अमुक ब्राउझर, अमुक टाइमझोन, अमुक तारीख टाकून पाहिली, बग आला नाही. ग्राहकाकडे यातलं काय वेगळं आहे?' पहिलं वाक्य टिकेट बंद करतं, दुसऱ्यामुळे तपास पुढे जातो.

दुरुस्ती छोटी निघाली. जन्मतारीख हा काळातला क्षण नव्हे, ते फक्त वर्ष, महिना आणि दिवस. तिचं डेट ऑब्जेक्ट करायचंच नाही, मजकुरातले तीन आकडे वेगळे करून दाखवायचे. बदल सहा ओळींचा, तपास दीड दिवसाचा. त्यासोबत एक टेस्टही, म्हणजे कोड तपासणारा कोड, लिहिली, मुद्दाम यूटीसीच्या मागच्या टाइमझोनमध्ये चालणारी.

हा घोटाळा मुळात आला कधी, हे शोधायला लीडने मला गिट बायसेक्ट दाखवलं. गिट म्हणजे कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं टूल. ते लिनस टॉरवल्ड्सने २००५ साली लिनक्स कर्नलच्या कामासाठी सुरू केलं, हे मला माहीत होतं. रोज मी त्यातल्या पाच-सहा कमांडच वापरत होते. बायसेक्टला एक जुना चांगला कमिट, म्हणजे गिटमध्ये नोंदवलेला बदल, सांगायचा आणि एक नवा बिघडलेला. मग ते मधला कमिट काढून देतं, तुम्ही तपासून चांगला की वाईट ते सांगायचं, आणि दर वेळी उरलेले कमिट निम्मे होतात. मधे हजार कमिट असले तरी साधारण दहा फेऱ्यांत दोषी कमिट हाती लागतो. आम्हाला सापडलेल्या कमिटच्या मेसेजमध्ये एकच शब्द होता: 'फिक्स'. कशाचं फिक्स, कुणासाठी, काही नाही. तेव्हापासून मी कमिट मेसेजमध्ये काय बदललं यापेक्षा का बदललं ते लिहिते. काय बदललं ते डिफमध्ये, म्हणजे जुन्या-नव्या ओळींच्या तुलनेत, दिसतंच.

असाच एक धडा मजकुराच्या लांबीचा. एका फॉर्ममध्ये मराठीत टाकलेली नावं मधेच कापली जायची आणि शेवटी चौकटीतलं प्रश्नचिन्ह यायचं. 'मराठी' हा शब्द आपण तीन अक्षरांचा म्हणतो. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, म, र, काना, ठ आणि दुसरी वेलांटी असे पाच कोडपॉइंट, म्हणजे पाच क्रमांक, धरले जातात. ते क्रमांक साठवायच्या यूटीएफ-८ या पद्धतीत त्यातल्या प्रत्येकाला तीन बाइट लागतात, म्हणजे एकूण पंधरा. आमची एक जुनी सिस्टम बाइट मोजून मजकूर कापत होती आणि कात्री अक्षराच्या मधोमध पडत होती. 'लांबी' हा शब्द कोडमध्ये दिसला की कशाची लांबी, हे विचारायची सवय लावून घ्या.

विचारण्याबद्दल थोडं. नव्या माणसाला प्रश्न विचारायची लाज वाटते, मलाही वाटायची. दिवसभर अडकून बसणं आणि पाच मिनिटांत उठून विचारायला जाणं, दोन्ही टाळा. मी स्वतःला साधारण पाऊण तास देते. तेवढ्या वेळात एरर मेसेज पूर्ण वाचते, स्टॅक ट्रेसमध्ये, म्हणजे एरर कुठून कुठे आली त्या यादीत, आपल्या कोडची पहिली ओळ कुठे येते ते बघते, लॉग, म्हणजे प्रोग्रॅमने लिहून ठेवलेल्या नोंदी, चाळते. मग विचारायला जाताना तीन गोष्टी सांगते: काय व्हायला हवं होतं, काय झालं, मी काय काय करून पाहिलं. हे लिहून काढतानाच पुष्कळदा उत्तर सापडतं. न सापडलं तरी सिनियरचा वेळ वाया जात नाही, आणि असा प्रश्न घेऊन आलेल्या माणसाला कुणी परत पाठवत नाही.

कोड रिव्ह्यूमध्ये, म्हणजे सहकारी आपला कोड तपासतात तेव्हा, पहिल्यांदा तीस कमेंट आल्या तेव्हा मला वाईट वाटलं होतं. नंतर लक्षात आलं, एवढ्या कमेंट येण्याचं कारण माझी पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदल प्रोजेक्टमध्ये घ्यायची विनंती, नऊशे ओळींची होती हे होतं. तेवढं एका बैठकीत कुणालाच नीट वाचता येत नाही. आता मी फाइलींची नावं बदलणं एका रिक्वेस्टमध्ये टाकते आणि प्रोग्रॅमची वागणूक बदलणारा कोड दुसरीत. दुसऱ्याचे रिव्ह्यूही पहिल्या महिन्यापासून करा. मंजुरी द्यायचा अधिकार नसला तरी 'ही अट कशासाठी आहे?' एवढं विचारता येतं. प्रोजेक्ट समजून घ्यायचा यापेक्षा जवळचा रस्ता मला माहीत नाही.

प्रॉडक्शनच्या, म्हणजे खरे ग्राहक वापरतात त्या, डेटाबेसबाबत एकच कळकळीचं सांगणं. एका संध्याकाळी घाईत मी अपडेट क्वेरी, म्हणजे नोंदी बदलायचा आदेश, चालवली आणि कुठल्या नोंदी ते सांगणारी व्हेअरची ओळ त्यात घ्यायची राहून गेली. एका ग्राहकाची स्थिती बदलायची होती, टेबलातल्या सगळ्यांची बदलली. बॅकअपमुळे सावरलं, पण ते चार तास मी विसरणार नाही. आता आधी तीच अट लावून सिलेक्ट, म्हणजे नोंदी नुसत्या बघायची क्वेरी, चालवते आणि ओळी मोजते. मग ट्रान्झॅक्शन सुरू करून अपडेट करते, किती ओळी बदलल्या तो आकडा बघते, आणि जुळला तरच कमिट, म्हणजे बदल कायम. नाहीतर रोलबॅक, म्हणजे बदल मागे. शिवाय शेजारी कुणाला तरी बसवते. चूक झालीच, तर पहिल्या मिनिटाला सांगा. लपवलेल्या दहा मिनिटांत नुकसान वाढत राहतं.

आता कोड लिहून देणारी एआय टूल्स सगळ्यांच्या हाताशी आहेत, मीही वापरते. पण जन्मतारखेचा तो चुकीचा कोड यातलं एखादं टूलही अगदी नेटका लिहून देऊ शकतं, आणि आपल्या मशीनवर तो चालेलही. स्वतःला समजावून सांगता येत नाही अशी ओळ माझ्या नावाने कमिट करायची नाही, असं मी ठरवलेलं आहे.

पहिल्या आठवड्यात नेमकं काय करायचं, असं विचाराल तर सांगते. प्रोजेक्टची रीडमी फाइल, म्हणजे तो कसा चालवायचा ते सांगणारी फाइल, उघडा आणि तिच्यात लिहिलंय तसं, एकही पायरी न गाळता, प्रोजेक्ट स्वतःच्या मशीनवर उभा करा. कुठेतरी अडेलच, कारण ती फाइल शेवटच्या नव्या माणसानंतर कुणी वाचलेली नसते. कुठे अडलं, कसं सुटलं, ते लिहून ठेवा आणि रीडमीत दुरुस्त करून पाठवा. माझ्या टीममध्ये आता प्रत्येकाचा पहिला कमिट तोच असतो. मागच्या महिन्यात आलेल्या मुलीने त्यात दोन ओळी वाढवल्या: टेस्ट चालवण्याआधी मशीनचा टाइमझोन कसा बदलायचा, आणि का.