मूळ ग्रीक आणि हिब्रू शब्दांवरून वचनांचा अभ्यास करताना या चुका टाळा

मोबाईलवरील बायबलमध्ये एखाद्या शब्दावर बोट ठेवले की त्यामागचा ग्रीक किंवा हिब्रू शब्द, त्याचा क्रमांक आणि अर्थांची यादी लगेच समोर येते. आमच्या यवतमाळ जिल्ह्यातील खेड्यांतही ही सोय आता पोहोचली आहे, आणि रविवारच्या उपासनेनंतर बसणाऱ्या अभ्यासगटांत "मूळ भाषेत हा शब्द असा आहे" हे वाक्य वरचेवर ऐकू येते. मला याचा मनापासून आनंद वाटतो. युनियन बिब्लिकल सेमिनरी ही धर्मशिक्षण देणारी संस्था 1983 साली पुण्याला हलली. त्यापूर्वी यवतमाळातच या दोन्ही भाषा शिकवल्या जात असत, पण ते ज्ञान सेमिनरीच्या आवारातून वावरात राबणाऱ्या माणसापर्यंत फारसे येत नव्हते. आता ते आले आहे, मात्र शब्दांची यादी आली तशी भाषा आलेली नाही, आणि पुढे सांगितलेल्या बहुतेक चुका या एकाच उणिवेतून होतात.

यादीतील सगळे अर्थ एकाच वचनात भरणे

सर्वांत जास्त आढळणारी चूक हीच आहे. कोशात एका शब्दापुढे सहा अर्थ दिलेले असतात, आणि अभ्यास करणारा ते सहाही अर्थ हाताशी असलेल्या वचनात ओततो. असे केल्याने वचन अधिक समृद्ध होते असे त्याला वाटते. प्रत्यक्षात लेखकाने जे सांगितले नाही ते त्याच्या तोंडी घातले जाते.

आपल्याच बोलीतील उदाहरण घेऊ. विदर्भात 'वावर' म्हणजे शेत, आणि पुस्तकी मराठीत 'वावर' म्हणजे येणे-जाणे, सतत असणे. "त्या गावात त्याचे वावर आहे" आणि "त्या गावात त्याचा वावर आहे" ही दोन वाक्ये ऐकताच पहिल्यात जमिनीची गोष्ट आहे आणि दुसऱ्यात माणसाच्या उठबशीची, हे आपल्याला कळते. कोणी सांगावे लागत नाही, कारण 'त्याचे' आणि 'त्याचा' या रूपांनी आणि भोवतालच्या बोलण्याने अर्थ ठरवून दिलेला असतो. आता मराठी न येणाऱ्या माणसाने केवळ 'वावर' हा शब्द कोशात पाहिला आणि दोन्ही अर्थ एकत्र करून "जमिनीवर सतत राहणारा माणूस" असा गूढ अर्थ काढला, तर आपण त्याला थांबवू. ग्रीक व हिब्रू शब्दांच्या बाबतीत आपण स्वतः त्या परक्या माणसाच्या जागी असतो, हे कायम ध्यानात ठेवले पाहिजे.

'हेसेद' या हिब्रू शब्दावर हे नेमके तपासून पाहता येते. स्तोत्रसंहिता 136 मध्ये हा शब्द सव्वीसही ओळींत येतो आणि मराठीत तेथे 'दया' वाचायला मिळते. करारातील निष्ठा, न सोडणारे प्रेम, उपकार अशा अनेक छटा त्यात आहेत. पण मोबाईलवर या शब्दाला दिलेल्या 2617 या क्रमांकाखाली 'निंदा' आणि 'दुष्ट गोष्ट' असेही अर्थ दिलेले दिसतात, कारण लेवीय 20:17 मध्ये ही अक्षरे लाजिरवाण्या कृत्यासाठी आली आहेत. दिसायला सारखा असलेला तो वेगळाच शब्द आहे. यादीतील सगळे अर्थ एकत्र करण्याचा नियम खरा मानला, तर स्तोत्रातील देवाच्या दयेतही निंदा मिसळावी लागेल. म्हणून अर्थांची यादी म्हणजे शक्यतांची यादी समजावी, आणि त्यांपैकी येथे कोणती शक्यता लागू आहे हे आधीच्या व नंतरच्या दहा-दहा वचनांना विचारावे.

कधी कधी लेखक मुद्दाम दोन अर्थ खेळवतो, हेही खरे आहे. योहान 3:3 मधील 'अनोथेन' या शब्दाचा अर्थ 'पुन्हा' असाही होतो आणि 'वरून' असाही, आणि निकदेमाचा गोंधळ त्यावरच उभा आहे. यहेज्केल 37 मध्ये 'रूआह' हा एकच शब्द वारा, श्वास आणि आत्मा या तिन्ही अर्थांनी फिरतो. परंतु असा दुहेरी अर्थ त्या उताऱ्यानेच दाखवून दिलेला असतो. तो आपण बाहेरून आणायचा नसतो.

शब्दाची व्युत्पत्ती म्हणजेच त्याचा अर्थ, असे मानणे

'एक्लेसिया' म्हणजे मंडळी. हा शब्द 'बाहेर' आणि 'बोलावणे' या दोन भागांपासून झाला आहे, म्हणून मंडळी म्हणजे जगातून बाहेर बोलावलेले लोक, असे मी अनेक उपदेशांत ऐकले आहे. देवाने आपल्याला बोलावले ही शिकवण खरी आहे आणि तिला बायबलमध्ये इतरत्र भक्कम आधार आहे. तो आधार मात्र या शब्दाच्या फोडीतून मिळत नाही. प्रेषितांची कृत्ये 19 मध्ये इफिस येथील नाट्यगृहात आपण कशासाठी जमलो हे बहुतेकांना ठाऊक नसलेला जो आरडाओरडा करणारा जमाव होता, त्यालाही 32 व्या वचनात 'एक्लेसिया' हाच शब्द वापरला आहे. त्या काळच्या माणसाच्या कानाला तो 'सभा' असाच ऐकू येत होता.

'तेल' हा आपला शब्द 'तिळा'वरून आला. तरीही आपल्या घरी जवसाचे तेल असते, आणि ते मागताना कोणाच्याही मनात तीळ येत नाहीत. व्युत्पत्ती हा शब्दाचा जन्मदाखला आहे. आज तो काय काम करतो, हे त्यावरून सांगता येत नाही.

याच चुकीची उलटी बाजू अधिक घातक आहे, आणि ती मी स्वतः केली आहे. रोमकरांस पत्र 1:16 मध्ये सुवार्तेला देवाचे सामर्थ्य म्हटले आहे आणि मूळ शब्द 'डुनामिस' आहे. त्यावरूनच 'डायनामाइट' शब्द आला, म्हणून सुवार्ता म्हणजे देवाचा डायनामाइट, असे मी एका गावच्या प्रार्थनासभेत मोठ्या उत्साहाने सांगितले. सभा संपल्यावर विहिरी खोदण्याचे काम करणारे एक वडीलधारे गृहस्थ जवळ आले आणि गंभीरपणे म्हणाले, "भाऊ, सुरुंग लावला की आमी सारे बाहेर पयतो. मंग देवाच्या सामर्थ्यापासून बी पयाचं का?" माझ्याकडे उत्तर नव्हते. नोबेलने आपल्या स्फोटकाला हे नाव 1867 साली दिले. पौलाने पत्र लिहिले ते त्याच्या अठराशे वर्षे आधी. नंतरच्या वस्तूवरून आधीच्या शब्दाचा अर्थ लावता येत नाही. शिवाय त्याच वचनात हे सामर्थ्य 'तारणासाठी' आहे असे स्पष्ट लिहिले आहे, आणि मी फोडण्याच्या शक्तीवर बोलत राहिलो होतो.

दोन समानार्थी शब्दांमध्ये भिंत बांधणे

'लोगोस' म्हणजे लिहिलेले वचन आणि 'रेमा' म्हणजे देवाने आज माझ्याशी व्यक्तिशः बोललेला शब्द, ही विभागणी आपल्याकडील सभांमध्ये इतकी रुजली आहे की ती बायबलमध्येच लिहिलेली आहे असे अनेकांना वाटते. प्रेषितांची कृत्ये 10:44 उघडून पाहावे. पेत्र 'रेमाता' ('रेमा'चे अनेकवचन) बोलत असताना जे 'लोगोस' ऐकत होते त्यांच्यावर पवित्र आत्मा उतरला, असे एकाच वाक्यात आहे. म्हणजे बोलणाऱ्याच्या तोंडचे आणि ऐकणाऱ्याच्या कानातले एकच भाषण दोन शब्दांनी सांगितले आहे. 1 पेत्र 1:23 ते 25 मध्येही नवा जन्म देणाऱ्या वचनाला आधी 'लोगोस' आणि लगेच 'रेमा' म्हटले आहे. ज्यांनी या विभागणीवर आपल्या भक्तीचा आधार ठेवला आहे त्यांना हे वाचून वाईट वाटेल, हे मला समजते. पण देव आज बोलतो हा विश्वास या दोन शब्दांतील फरकावर मुळीच अवलंबून नाही.

'अगापे' आणि 'फिलेओ' यांचेही असेच झाले आहे. योहान 21 मध्ये प्रभू येशू पेत्राला तीनदा विचारतो. पहिल्या दोन वेळा क्रियापद 'अगापाओ' आहे, तिसऱ्या वेळी 'फिलेओ', आणि पेत्राचे उत्तर तिन्ही वेळा 'फिलेओ'. यावरून अगापे म्हणजे दैवी प्रेम आणि फिलेओ म्हणजे नुसती मैत्री, असे शिकवले जाते. परंतु पिता पुत्रावर प्रीती करतो हे सांगताना योहानच 3:35 मध्ये एक क्रियापद वापरतो आणि 5:20 मध्ये दुसरे. 2 तीमथ्य 4:10 मध्ये देमासाने या जगावर प्रेम केले आणि पौलाला सोडले, तेथे 'अगापाओ' आहे. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात तर 2 शमुवेल 13:15 येथे अम्नोनाच्या तामारेविषयीच्या वासनेलाही हाच शब्द लावला आहे. पेत्राला तिसऱ्यांदा विचारल्यावर दुःख का झाले, याचे उत्तर शब्दांच्या फरकात शोधण्यापेक्षा त्याने तीनदा केलेल्या नकारात शोधावे. कोळशाच्या विस्तवाचा उल्लेख योहानाने नकाराच्या वेळी 18:18 मध्ये आणि या प्रश्नांच्या आधी 21:9 मध्ये, अशा दोन्ही ठिकाणी केला आहे.

क्रमांकाला व्याकरण समजणे

जेम्स स्ट्राँग यांची शब्दसूची 1890 साली निघाली. तिचे क्रमांक मूळ शब्दाचा पत्ता सांगतात. वाक्यातील त्याचे रूप, काळ किंवा प्रयोग सांगत नाहीत. शिवाय ती सूची 1611 च्या इंग्रजी भाषांतराला जोडलेली आहे, आणि येथेच मराठी वाचक फसतो. त्या इंग्रजीत 1 करिंथ 13 मधील 'अगापे'साठी जो शब्द वापरला आहे त्याचा आजचा अर्थ दानधर्म असा होतो. मोबाईलने त्याचे पुन्हा मराठी केले की पौल दानधर्माविषयी बोलत आहे असे वाटू लागते. आपल्या मराठी बायबलमध्ये तेथे सरळ 'प्रीती' आहे. तीन भाषांचा फेरा घेऊन आलेल्या अर्थापेक्षा ते अधिक विश्वासार्ह आहे. पंडिता रमाबाईंनी तर हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणले; असे भाषांतर उपलब्ध असेल तर दोन मराठी पाठ शेजारी ठेवून वाचणे हा पहिला उपाय आहे, आणि जेथे ते वेगळे पडतात तेथेच मूळ शब्दाकडे जावे.

काळाविषयी एकच उदाहरण देतो. ग्रीकमधील 'एओरिस्ट' हे क्रियापदाचे, बहुधा भूतकाळ सांगणारे, रूप दिसले की क्रिया एका क्षणात, एकदाच आणि कायमची झाली, असे सांगण्याची पद्धत आहे. योहान 2:20 मध्ये मंदिर बांधायला शेहेचाळीस वर्षे लागली असे यहूदी म्हणतात, आणि तेथील 'बांधले' हे क्रियापद एओरिस्टमध्येच आहे.

शब्द नेमका उलट अर्थाने आला असेल तर यादी फारच गोंधळात टाकते. ईयोब 2:9 मध्ये त्याची बायको त्याला जे करायला सांगते त्यासाठी मूळात 'बारख', म्हणजे आशीर्वाद देणे, हे क्रियापद आहे. अॅप चुकले असे समजू नये. देवाच्या नावापुढे 'शाप' हा शब्द नको म्हणून तेथे शुभ शब्द घातला आहे. दुकान बंद करताना आपण ते 'वाढवतो', फुटलेली बांगडी 'वाढली' म्हणतो. त्या घरातला माणूस शब्द ऐकतो आणि अर्थ बरोबर घेतो.

आकडे जुळत नसतील तर

स्तोत्रांमध्ये हिब्रू पाठ आणि मराठी पाठ यांचे वचनक्रमांक अनेकदा जुळत नाहीत, कारण हिब्रूमध्ये स्तोत्राचे शीर्षक वचन म्हणून मोजले जाते. मराठीतील 51:1 हिब्रूत 51:3 आहे. योएल 2:28 हिब्रूमध्ये 3:1 येथे सापडेल. यात पाठ गहाळ झालेला नसतो.

सुरुवात कोठून करावी

रूथच्या पुस्तकापासून करावी, असे मी आमच्या गटाला सांगतो. चारच अध्याय आहेत, कापणी, खळे आणि सरवा वेचणे आपल्या लोकांना समजावून सांगावे लागत नाही, आणि गोष्ट सलग असल्यामुळे शब्द संदर्भातून तोडण्याचा मोह कमी होतो. आधी पूर्ण पुस्तक मराठीत दोनदा मोठ्याने वाचावे. मग 'हेसेद' 1:8, 2:20 आणि 3:10 येथे कोण कोणाविषयी म्हणतो, एवढेच वहीत टिपावे. कोश अजून उघडू नये.

त्यानंतर 2:12 घ्यावे. इस्राएलाच्या देवाच्या पंखांखाली आश्रयाला आलीस, असे बवाज रूथला म्हणतो. मूळ शब्द 'कानाफ' आहे. 3:9 मध्ये रात्री खळ्यावर रूथ त्याला आपल्या वस्त्राचा काठ माझ्यावर पसर असे म्हणते, आणि तेथेही 'कानाफ' आहे. मराठीत एके ठिकाणी पंख आणि दुसरीकडे वस्त्र आल्यामुळे हा धागा दिसत नाही. मूळ शब्द पाहिल्यावर दिसतो. बवाजने तिच्यासाठी देवाजवळ जे मागितले होते, तेच आता ती त्याच्याजवळ मागत आहे. आमच्या गटात हे प्रथम वाचले तेव्हा मागे बसलेल्या एका आजींनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि 2:12 पुन्हा एकदा वाचायला सांगितले.